थांबायचं इंधन धरलंय का? ताऱ्याकडे जाणाऱ्या यानाची कथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

गेली तीन वर्षं मी एकच कथा लिहितेय. माणसं घेऊन एक यान प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे निघतं आणि तिथे पोचतं, एवढीच गोष्ट. त्यातलं दीड वर्ष आणि जवळजवळ दोनशे पानं मला टाकून द्यावी लागली, आणि कारण काय तर गणितातली एकच चूक, जी मला कोणी वेळेवर दाखवली नाही. आता कोणी नवीन माणूस असं काही लिहायला घेतोय असं कळलं की माझ्या पोटात गोळा येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

प्रकाशवर्ष म्हणजे काय, प्रकाशाचा वेग का ओलांडता येत नाही, रॉकेट मागे काहीतरी फेकतं म्हणून पुढे जातं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. माहीत नसेल तर आधी ते वाचा आणि मग या, खरंच सांगते, घाई करू नका.

सगळ्यात आधी अंतर अंगवळणी पडू द्या. नरतुरंग तारकासमूहातला ज्याला आपण मित्र तारा म्हणतो तो अल्फा सेंटॉरी, आणि प्रॉक्झिमा हा त्याच कुटुंबातला तिसरा, मंद लाल तारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. हा आकडा लहान वाटतो आणि तिथेच घात होतो. व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली निघालं, २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, सेकंदाला १७ किलोमीटर जातंय, आणि एवढं अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील (ते त्या दिशेला जातही नाहीये, हा भाग वेगळा). पार्कर सोलर प्रोब या नासाच्या यानाने सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किलोमीटर वेग गाठला, माणसाने बनवलेल्या कुठल्याच वस्तूने त्याआधी एवढा गाठला नव्हता. तोच वेग कायम ठेवला तरी ६,६०० वर्षं. हे आकडे वाचून सोडून देऊ नका, स्वतः भागाकार करून बघा, वहीत, हाताने. मी पहिल्यांदा केला तेव्हा पेन खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून होते.

म्हणजे माणसाच्या आयुष्यात पोचायचं तर प्रकाशाच्या निदान काही टक्के वेग हवा. मी शोधत गेले आणि मला डीडलस प्रकल्प सापडला. १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या लोकांनी कागदावर केलेला अभ्यास. अणुसंमीलनावर, म्हणजे फ्यूजनवर चालणारं दोन टप्प्यांचं यान, सुमारे ५०,००० टन इंधन, वेग प्रकाशाच्या १२ टक्के, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत साधारण पन्नास वर्षं. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. म्हटलं चला, इंजिन मिळालं, वेग मिळाला, मी जरा सावधपणे १० टक्के धरते, ४२ वर्षं लागतील, माझी नायिका २८ व्या वर्षी निघेल आणि सत्तरीत पोचेल, काय सुंदर कथा होईल. आणि मी लिहायला बसले.

आता नीट वाचा, कारण मी अडकले ती जागा हीच.

डीडलस थांबत नाही. त्यात माणसं नाहीत, आणि ते ताऱ्याजवळून सुसाट निघून जाण्यासाठीच आखलेलं आहे. जाता जाता निरीक्षणं घ्यायची, घरी पाठवायची, संपलं. २०१६ साली जाहीर झालेला ब्रेकथ्रू स्टारशॉट तसाच, काही ग्रॅमचं यान, लेसरने ढकलायचं, प्रकाशाच्या २० टक्के वेग, आणि तेही थांबत नाही. आपण जे जे मोठमोठे वेगाचे आकडे वाचतो त्यातले बहुतेक न थांबणाऱ्या यानांचे असतात, आणि कुठेही ते ठळक अक्षरात लिहिलेलं नसतं कारण अभ्यासकांना ते उघडच असतं. आपल्याला उघड नसतं. माणसं न्यायची म्हणजे तिथे थांबायला लागणार, आणि अवकाशात हवा नाही, रस्ता नाही, घर्षण नाही, त्यामुळे जेवढा वेग घेतला तेवढाच उलटा इंजिन लावून उतरवायला लागणार.

हे मला अगदीच कळलं नव्हतं असं नाही. मी विचार केला होता, आणि म्हणूनच मी जास्त फसले. मी काय केलं, तर एक्सेलच्या शीटमध्ये इंधनाच्या सेलला गुणिले २ केलं. जायला जेवढं, थांबायला तेवढंच. कोणालाही पटेल असं वाटतं ना? गाडीने गावाला जाऊन परत यायचं तर दुप्पट पेट्रोल. पण गाडीला वाटेत पंप असतो.

माझ्या ओळखीतले एक काका आहेत, निवृत्त इंजिनिअर. त्यांना मी मोठ्या उत्साहाने ती शीट दाखवली, सोबत पानांचा गठ्ठा. त्यांनी पानांना हातही लावला नाही. त्या गुणिले २ वर पेन्सिलचं टोक ठेवलं आणि विचारलं, "अगं, थांबायचं हे जे इंधन आहे, ते तिथपर्यंत कोण वाहून नेणार?"

मला उत्तर देता आलं नाही.

बघा, थांबण्यासाठीचं इंधन निघताना यानातच असतं. म्हणजे वेग घेताना ते सामान असतं. त्या सामानाला वेग द्यायला आणखी इंधन लागतं. हे १९०३ साली त्सिओल्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या रॉकेट समीकरणात सरळ दिसतं, आणि समीकरणाची भीती वाटत असेल तर असं करा. यानाला एकूण किती वेग बदलायचाय त्याला इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताच्या वेगाने भागा. जो आकडा येईल तितक्या वेळा २.७२ चा गुणाकार करा. आलेलं उत्तर म्हणजे निघतानाचं वजन हे रिकाम्या यानाच्या किती पट हवं. भागाकार १ आला तर २.७ पट, २ आला तर ७.४, ३ आला तर २०, ४ ला साधारण ५५, ५ ला १४८ आणि ६ ला ४०३ पट. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा, माझ्याकडे अजून आहेत.

माझं यान रिकामं १०,००० टन होतं. झोताचा वेग मी सेकंदाला १०,००० किलोमीटर धरला होता, डीडलसच्या जवळपासचा. वेग हवा होता ३०,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या १० टक्के. भागाकार ३, म्हणजे २० पट, निघताना २ लाख टन, त्यात इंधन १ लाख ९० हजार. हे नुसतं जायला. आता थांबायचंय म्हणजे वेगाचा एकूण बदल ६०,०००. भागाकार ६. पट ४०३. निघताना ४० लाख टन. दुप्पट नाही, वीसपट. विसाचा वर्ग! कारण थांबायला सुरुवात करताना २ लाख टनाचं यान हवं, आणि त्या अख्ख्या २ लाख टनाला वेग द्यायला त्याच्या वीसपट वजन हवं.

मग काकांनी मला अजून एक हिशोब करायला लावला, जो मला तेव्हा दुष्टपणा वाटला आणि आता वाटतं की त्यांनी माझ्यावर उपकार केले. ते म्हणाले, तुझ्या शीटमधलं दुप्पट इंधन घेऊन तुझं यान तिथे पोचल्यावर काय होईल ते काढ. ३ लाख ८० हजार टन इंधन, वर १० हजारांचं यान. त्यातून वेगाचा एकूण बदल मिळतो साधारण ३६,७००. त्यातले ३०,००० वेग घेण्यातच गेले. ब्रेकसाठी उरले ६,७००. म्हणजे प्रॉक्झिमापाशी माझं यान अजून सेकंदाला २३,३०० किलोमीटरने चाललंय. प्रॉक्झिमा बी हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर फिरतो. त्याची अख्खी कक्षा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला माझ्या यानाला अकरा मिनिटंही लागली नसती. आणि मी तिथे उतरण्याचा प्रसंग अकरा पानं लिहिला होता. खिडकीतून हळूहळू मोठा होत जाणारा ग्रह, सत्तर वर्षांची नायिका, काचेवर टेकलेला हात. सगळ्या आयुष्याची वाट बघून ती बाई त्या ग्रहाच्या बाजूने अकरा मिनिटांत निघून गेली असती आणि पुढे काहीच नाही, थांबायला इंधन नाही, वळायला इंधन नाही.

त्या रात्री मी रडले, लपवत नाही.

म्हणून माझं एकच सांगणं, वेगाचा कुठलाही आकडा वाचलात की त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहा, हे थांबतं का? थांबत असेल तर कशाने? याचं उत्तर मिळेपर्यंत पहिलं पान लिहू नका. टप्पे पाडले, रिकाम्या टाक्या वाटेत सोडून दिल्या तर थोडं हलकं होतं, पण विसाचा वर्ग तिथेच राहतो.

आता धीराची गोष्ट. हे गणित जितकं क्रूर वाटतं तितकंच ते सुटण्याची वाट पण दाखवतं, आणि ती वाट कथेच्या फायद्याची असते. मी वेग निम्मा केला, १० ऐवजी ५ टक्के. आता जायला १५,००० आणि थांबायला १५,०००, एकूण परत ३०,०००, भागाकार परत ३, निघताना परत २ लाख टन. इंधनाचा प्रश्न मिटला. फक्त प्रवास ८५ वर्षांचा झाला. त्यात वेग घ्यायला आणि उतरवायला वेळ लागतो तो धरायचा, मी पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या साधारण शंभराव्या भागाइतकं त्वरण धरलं, तर सुरुवातीला पावणेपाच वर्षं आणि शेवटी पावणेपाच वर्षं इंजिन चालू, आणि एकूण प्रवास जवळजवळ ९० वर्षांचा.

म्हणजे माझी नायिका पोचतच नाही. तिची नात पोचते. हे मला पटायला दोन महिने लागले, कारण मला तिलाच पोचवायचं होतं, माझा जीव होता तिच्यावर. पण मग कथेत जे जे आलं ते मला कधीच सुचलं नसतं. उदाहरण देते. वेग घेऊन झाल्यावर माझं यान ४५ हजार टनाचं राहतं, आणि त्यातलं ३५ हजार टन हे थांबायचं इंधन. पुढची ऐंशी वर्षं ते कोणी वापरायचं नाही. वीज कमी पडली तरी नाही, कोणी आजारी पडलं तरी नाही. मधली जी पिढी आहे, जी यानातच जन्मते आणि यानातच मरते, तिचं काम काय तर त्या टाक्या सांभाळणं, ज्यांचा उपयोग तिला स्वतःला कधीच होणार नाही. त्या पिढीला कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला यायचंय का. माझी आता अर्धी कथा त्या टाक्यांच्या भोवती आहे.

इंधन कुठलं तेही बघा हं. पृथ्वीवर फ्यूजनसाठी ड्युटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचेच दोन जड प्रकार) ही जोडी सगळ्यात सोपी, म्हणून नवे लोक डोळे झाकून तीच लिहितात. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ऐंशी वर्षांनी टाकी उघडली तर शंभरातला एक भागच शिल्लक, बाकीचं हेलियम ३ झालेलं. डीडलसवाल्यांनी ड्युटेरियम आणि हेलियम ३ घेतलं होतं आणि हेलियम ३ गुरू ग्रहाच्या वातावरणातून काढायचं ठरवलं होतं, ते उगीच नाही. ड्युटेरियम द्रवरूपात ठेवायचं तर उणे २५० अंशाच्या आसपास ठेवायला लागतं, म्हणजे ऐंशी वर्षं गळती नाही, ऊब नाही. आणि ऐंशी वर्षांनी इंजिन सुरू होईल का? इथे मला एक खरी गोष्ट सापडली तिने फार आधार दिला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉयेजर १ चे काही थ्रस्टर, म्हणजे दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं, ३७ वर्षांनी पहिल्यांदा चालू केले आणि ते चालले. सदतीस वर्षं थंडगार पडलेली गोष्ट. माझ्या यानाला याच्या दुपटीहून जास्त थांबायचंय, पण अशक्य म्हणून उडवून लावता येत नाही.

इंजिनाबद्दल अजून एक, पटकन सांगते. माझ्या २ लाख टनाच्या यानाला एवढंसं त्वरण द्यायला सुरुवातीला १०० टेरावॅट शक्ती लागते. सगळी मानवजात मिळून आज साधारण २० टेरावॅट वापरते. यातली फक्त १ टक्का शक्ती उष्णता म्हणून यानात शिरली तरी ती बाहेर टाकायला १,५०० केल्विन तापमानाचे, दोन्ही बाजूंनी तापणारे पावणेदोन चौरस किलोमीटरचे रेडिएटर लागतात. चित्रांत यान नेहमी सुळसुळीत असतं, त्याला पंख नसतात. असायला हवेत, लाल तापलेले.

बाकीच्या गोष्टी मी इतक्या सविस्तर सांगत नाही, त्या तुलनेने सोप्या आहेत. काळ हळू चालण्याचं बघा. प्रकाशाच्या ५ टक्के वेगाला ८५ वर्षांत यानातलं घड्याळ पृथ्वीपेक्षा जेमतेम सव्वा महिना मागे पडतं. त्यामुळे ती तरुण राहिली आणि पृथ्वीवर सगळे म्हातारे झाले हा प्रसंग लिहायचा मोह सोडा, तो ९० टक्के वेगाच्या पुढचा आहे. फिरवून गुरुत्व तयार करायचं तर मिनिटाला दोन फेऱ्यांना त्रिज्या २२४ मीटर हवी, यापेक्षा लहान चाक घेतलंत तर ते जास्त जोरात फिरवायला लागतं आणि माणसांना गरगरतं. माणसं किती, यावर २०१८ साली मारीन आणि बेलुफी या दोन संशोधकांनी हिशोब मांडला होता, पार्कर प्रोबच्या आसपासच्या वेगाने ६,३०० वर्षांच्या प्रवासासाठी निदान ९८ माणसं हवीत असा. आपला प्रवास खूप लहान आहे, तरी मी शंभरच धरली. हवेबद्दल मात्र सावध राहा. बायोस्फिअर २ या अमेरिकेतल्या प्रयोगासाठी बांधलेल्या हवाबंद इमारतीत १९९१ ते १९९३ आठ माणसं दोन वर्षं बंद राहिली होती, तिथला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ वर आला आणि बाहेरून घालायला लागला. मातीतल्या जीवाणूंनी ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला, म्हणून पटकन कळलंही नाही कुठे चाललाय. माझ्या यानाला बाहेरच नाही. एका भिंतीचं सामान चुकीचं निवडलं तर काय होऊ शकतं, यावर एक अख्खं प्रकरण होतं तुमचं.

आणि ढाल! ही माझी दुसरी चूक, पण लवकर सापडली म्हणून बरं. ५ टक्के वेगाला एक मिलिग्रॅमचा कण आदळला तर सुमारे २७ किलो टीएनटीएवढी ऊर्जा सुटते. म्हणून यानाच्या पुढे ढाल लागते, डीडलसने बेरिलियम या धातूची घेतली होती. आता विचार करा, थांबायच्या वेळी यान उलटं फिरवायचं, इंजिन पुढे आणि नाक मागे. ढाल कुठे गेली? मागे. आणि वेग अजून पूर्ण आहे, कण समोरून येतायत, समोर इंजिन उघडं. मी यावर अजून एकच उपाय करू शकलेय, इंजिनाभोवती दुसरी ढाल, जी ऐंशी वर्षं नुसती वजन म्हणून वाहून न्यायची. तुम्हाला अजून चांगला सुचला तर तो तुमचा.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत. कथा अडकली की लोक प्रतिद्रव्य आणतात, म्हणजे अँटिमॅटर. आजवर माणसाने तयार केलेलं सगळं अँटिमॅटर नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकंच आहे, आणि तुम्हाला हजारो टन लागणार. कथेत आणायला माझी हरकत नाही, पण मग ती कथा अँटिमॅटर कुठून आलं याची झाली पाहिजे. एका ओळीत उरकलंत तर वाचकाला कळतं की इथे लेखक पळाला. दुसरा शॉर्टकट रॉबर्ट बसार्ड या भौतिकशास्त्रज्ञाचा, १९६० सालचा, वाटेतला विरळ हायड्रोजन गोळा करत जायचं, तोच इंधन. कल्पना मनात भरते, पण पुढच्या हिशोबांत दिसलं की गोळा करतानाचा अडथळाच मिळणाऱ्या जोरापेक्षा जास्त होतो. गंमत अशी की हाच अडथळा थांबण्यासाठी वापरता येतो, मोठं चुंबकीय क्षेत्र पसरायचं आणि विरळ वायूत हळूहळू वेग घालवायचा, याला चुंबकीय शीड म्हणतात. त्याने थांबायच्या इंधनाचा मोठा भाग वाचतो, फक्त त्याला बराच वेळ द्यावा लागतो. मला हा मार्ग मनापासून आवडतो कारण तो फुकट मिळत नाही. लेसरच्या शिडाने, म्हणजे घरून सोडलेल्या लेसरच्या प्रकाशाने ढकलल्या जाणाऱ्या शिडाने, थांबायची पण एक युक्ती आहे, रॉबर्ट फॉरवर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मांडलेली, शिडाचं बाहेरचं कडं सुटून पुढे जातं आणि घरून आलेला प्रकाश आतल्या लहान शिडावर उलटा पाडतं. पण तिथे सगळा भरवसा घरच्यांवर, पिढ्या उलटल्यावरही त्यांनी लेसर चालू ठेवला पाहिजे. तुम्हाला विश्वासघाताची कथा लिहायची असेल तर हाच घ्या.

तयार कॅल्क्युलेटर मिळतात, अंतर टाका, वेळ घ्या. सुरुवातीला त्यांच्यापासून लांब राहा. ते कुठे थांबणं धरतात आणि कुठे नाही हे बघितल्याशिवाय त्यांचं उत्तर वापरणं म्हणजे माझी चूक परत करणं. आधी हाताने, मग ताडून बघायला मशीन.

आणि मार्गदर्शक. मला पहिली दोन माणसं भेटली ती म्हणाली, कल्पना छान आहे, लिहीत राहा. चांगली माणसं होती, मनापासून म्हणाली. पण दीड वर्ष मी त्या 'छान आहे' वर काढलं. काका एकदाही छान म्हणाले नाहीत, अजून म्हणत नाहीत, नुसतं विचारतात, आकडा कुठून आणला? असं विचारणारं एक माणूस शोधा. ते लेखक नसलं तरी चालेल, उलट नसलेलंच बरं. आणि त्याच्याकडे पानं घेऊन जाऊ नका, एक कागद घेऊन जा ज्यावर रिकाम्या यानाचं वजन, झोताचा वेग, प्रवासाचा वेग, थांबायची पद्धत आणि एकूण वर्षं एवढंच आहे. माझ्याकडे तो कागद पहिल्या महिन्यात असता तर दोनशे पानं फुकट गेली नसती.

विज्ञान शिकलेलो नाही म्हणून जमणार नाही असं मात्र कोणी म्हणू नका. मी पण विज्ञानाची नाही. या सगळ्यात गुणाकार, भागाकार आणि तो २.७२ चा खेळ यापलीकडे काही लागलं नाही, आणि जे लागलं ते विचारल्यावर लोकांनी सांगितलं. पहिले सहा महिने काहीच जमत नाहीये असं वाटेल. मला वर्षभर वाटत होतं.

आता माझं शेवटून दुसरं प्रकरण चालू आहे. ८५ वं वर्ष, यान उलटं फिरवायचा दिवस. नात ४९ वर्षांची आहे. गेली काही वर्षं ती समोरच्या खिडकीत प्रॉक्झिमा बघतेय, लाल ठिपका, वर्षागणिक किंचित ठळक होणारा. यान फिरतं आणि तो ठिपका खिडकीतून सरकून इंजिनाच्या मागे जातो, आता पोचेपर्यंत तो दिसणार नाही. खिडकीत शर्मिष्ठा हा तारकासमूह येतो. आपल्याला पृथ्वीवरून शर्मिष्ठेचे पाच ठळक तारे दिसतात, वाकड्यातिकड्या रेघेत. नातीला तिथे सहावा दिसतो, रेघेच्या टोकापाशी, त्या पाचांपेक्षाही ठळक, पिवळसर पांढरा. तो सूर्य आहे. आजीने सांगितलेला. हे मी मनाने घातलेलं नाही, प्रॉक्झिमाच्या बाजूने बघितलं तर सूर्य खरंच शर्मिष्ठेत दिसतो. मागे कुठेतरी ३५ हजार टनाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह पहिल्यांदा उघडतायत, त्याची थरथर तिच्या पायाखालच्या फरशीत येते, आणि ती त्या ताऱ्याकडे बघत इंजिन पेटण्याची वाट बघतेय. ते पेटतं की नाही हे मी अजून लिहिलेलं नाही, पण इंधन पुरेसं आहे, मी तीनदा मोजलंय.